कोळशाने वाढवलं, आता पोरगा सोलर म्हणतो

पत्र असं आहे:

"सर, नमस्कार. आम्ही चंद्रपूरला घुग्गुस रोडकडे राहतो. आमचे हे कोळसा खदानीत डंपर चालवतात, २७ वर्षं झाली, आता तीन राहिली. मुलगा यंदा बारावी झाला, आयटीआय करायचंय पण सोलरचंच करीन म्हणतो. ह्यांचं म्हणणं फिटर कर नाहीतर इलेक्ट्रिशियन कर, थर्मल पॉवर स्टेशनला अप्रेंटिसशिप लागेल, सोलर म्हणजे चार दिवसांचं फॅड आहे. परवा जेवताना पोरगा बोलून गेला की बाबा तुमच्या कोळशामुळेच आजीला दमा झाला. हे एवढंच म्हणाले, कोळशाची भाकरी खाऊन कोळशालाच नावं ठेवतो, आणि ताटावरून उठले. तेव्हापासून बापलेकाचं बोलणं नाही. त्यात एक सोलरवाला येऊन गेला, तीन किलोवॅट बसवा, बिल झिरो, लाइट कधीच जाणार नाही म्हणतो. ह्यांना ते नको. दोघांपैकी खरं कोणाचं? पोराला काय घ्यायला लावू? आणि स्लॅबवर सोलर लावू का नको? – एक आई, चंद्रपूर"

ताई, ते ताटावरून उठले ना, तिथूनच सुरुवात करतो, कारण ते वाक्य मी माझ्या घरात पण ऐकलेलं आहे. माझे वडील बल्लारपूरकडे खदानीत होते, जमिनीखालच्या. सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला यायचे आणि आई त्यांचे कपडे आमच्या कपड्यांत कधीच टाकायची नाही, त्यांची बादलीच वेगळी होती, तीनदा पाणी बदललं तरी चौथं पाणी राखाडीच. त्या बादलीवर आम्ही तिघं भावंडं शिकलो. मी पुढे आयटीआयला २२ वर्षं इलेक्ट्रिकल शिकवलं, आणि त्यातली शेवटची काही वर्षं पोरांना सोलरच्या जोडण्या पण शिकवल्या, म्हणजे तुमच्या घरातली दोन्ही बाजू मी खाल्ल्यात असं समजा. त्यामुळे तुमच्या मिस्टरांना काय लागलं ते मला कळतं. पोराने कोळशाला नावं ठेवली नाहीत, त्यांच्या २७ वर्षांना ठेवली असं त्यांना वाटलं. आणि पोराला तसं म्हणायचं नव्हतं हेही तितकंच खरं असणार.

आता एक हिशोब सांगतो, तो तुम्ही घरात दोघांसमोर मांडा. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रभर कूलर चालतोच, नवतप्यात, त्या नऊ कडक दिवसांत, तर बंद करायची सोयच नाही. साधारण २०० वॅटचा कूलर आठ तास चालला तर झाले दीड पावणेदोन युनिट. एक युनिट करायला थर्मलमध्ये आपला कोळसा ६०० ते ७०० ग्रॅम लागतो. म्हणजे एका रात्रीच्या कूलरला एक किलो कोळसा. त्या एक किलोतून मागे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास राखड उरते, कारण आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाणच ३० ते ४५ टक्के, आणि दीड एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तुमच्या मिस्टरांचा डंपर ६० टनी असला आणि त्यात कोळसा भरलेला असला, तर त्यांची एक खेप म्हणजे ६० हजार घरांची एका रात्रीची झोप. हे त्यांना सांगा. २७ वर्षांत किती खेपा झाल्या असतील ते ते स्वतःच मनातल्या मनात मोजतील. आणि त्याच खेपेतून २० टन राखड झाली हे पोराने सांगितलं तर तेही त्यांनी ऐकून घ्यायला पाहिजे, दोन्ही एकाच डंपरमधलं आहे.

कोळशाने काय दिलं हे आजकाल कोणी नीट सांगत नाही म्हणून थोडं लांबण लावतो. आपल्या इथला कोळसा पंचवीस कोटी वर्षांच्या पुढचा, त्या काळातल्या खडकांना जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ गोंडवाना म्हणतात आणि ते नाव आपल्याच गोंडांच्या मुलखावरून गेलेलं आहे, ज्यांच्या राजांनी चंद्रपूरचा परकोट बांधला त्यांच्या नावावरून. तो कोळसा आपल्या पायाखाली होता म्हणून १९८० च्या दशकात इथे थर्मल उभं राहिलं, वीज तयार करणारे जुने दोन संच बंद केल्यावरही आज २९२० मेगावॅटचं आहे, महाजनकोचं, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचं, सगळ्यात मोठं. पाऊस असो अंधार असो, कोळसा आणि पाणी असेल तर ते चालतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. साठवता येतो, रेल्वेने नेता येतो, संध्याकाळी सात वाजता सगळ्या महाराष्ट्राने एकदम बटणं दाबली तर संच वर घेता येतो. पेट्रोल-डिझेलचं कच्चं तेल आपण शंभरातलं पंच्याऐंशीच्या वर बाहेरून आणतो, स्वयंपाकाचा गॅस पण निम्म्याहून जास्त बाहेरचाच, कोळसा मात्र बहुतेक इथलाच. बाहेर कुठे लढाई पेटली म्हणून चंद्रपूरचा संच बंद पडत नाही. आणि पोटाचं म्हणाल तर घुग्गुस, बल्लारपूर, दुर्गापूर, माजरी, वणी, ह्या गावांतली पक्की घरं, पोरींची लग्नं, पोरांची इंजिनिअरिंगं कशातून झाली हे तुम्हाला मी काय सांगू.

पण एक गोष्ट आहे जी मला आयुष्यभर खुपत आली. आपल्या चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत एक लाइन जाते, ५०० किलोव्होल्टची, डीसी, साडेसातशे किलोमीटर, १५०० मेगावॅट वाहून नेणारी. ती मुंबईकडच्या दिव्यांसाठी आहे. लाइटीला तार आहे म्हणून ती जाऊ शकते, राखडीला तार नाही म्हणून ती इथेच राहते. सकाळी स्लॅबवर अनवाणी गेलं की पायाचे तळवे काळे, तुळशीच्या पानावर बोट फिरवलं की रेघ उमटते, कुरडया वाळत टाकायच्या तर वर जुनी साडी ताणावी लागते, हे मुंबईतल्या माणसाला त्याचं बटण दाबताना दिसत नाही. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली त्यात चंद्रपूर वरच्या नंबरांत होतं. ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे, ढिगारे नदीच्या काठापर्यंत आलेले, ब्लास्टिंगने भिंतींना तडे, विहिरी आटलेल्या, हे सगळं घुग्गुस रोडवर राहणाऱ्याला वेगळं दाखवायला नको. पाणी पण बघा, थर्मलला थंड व्हायला इरई धरणाचं पाणी लागतं आणि गावाला प्यायला पण तेच. परळीचं थर्मल २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं, कोळसा असून. आणि २०२२ च्या जुलैत कोराडीकडचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा ती राखड शेतात नाल्यात कुठे कुठे गेली ते नागपूरकरांनी पाहिलंय.

आजीच्या दम्याचं. पत्रावरून दम्याचं कारण कोणी सांगू शकत नाही आणि मी डॉक्टर नाही. बारीक धूळ आणि धूर दमा वाढवतो हे पक्कं आहे, पण आजींनी चुलीवर किती वर्षं काढली तेही बघावं लागेल, चुलीचा धूर छातीसाठी काही कमी वाईट नसतो. पोराला एवढं मात्र जरूर सांगा की कोळशाची धूळ आणि बाबा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिमणीतून निघणारा सल्फर अडवायची यंत्रं बसवा म्हणून २०१५ मध्ये नियम आला, मुदत दोन वर्षांची होती, ती पुढे ढकलत ढकलत नेली आणि २०२५ मध्ये तर देशातल्या बहुतेक संचांना त्यातून सूटच दिली. हे निर्णय डंपरच्या केबिनमध्ये झालेले नाहीत. उलट डंपरवाला माणूस ती धूळ घरातल्या सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा जास्त खातो. त्यांच्या छातीचा एक्स-रे आणि फुफ्फुसाची फुंकायची टेस्ट शेवटची कधी झाली ते विचारा, रिटायरमेंटच्या आत करून घ्या आणि त्याचे कागद जपून ठेवा. पोरानेच त्यांना घेऊन जावं असं मला वाटतं.

आता सोलरवाल्याकडे येतो. तीन वाक्यं बोलला तो, त्यातलं पहिलं ठीक आहे, बाकीची दोन नाहीत.

तीन किलोवॅट, हे ठीक. आपल्याकडे एक किलोवॅट सोलर वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिट देतं, म्हणजे तीनचं महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. तुमची मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा, एक जानेवारीचं आणि एक मेचं बघून उपयोग नाही, बाराच्या बारा काढा आणि बेरीज करून बाराने भागा. सरासरी २०० युनिटच्या आत असेल तर दोन किलोवॅट पुरे, तीनच्या मागे लागू नका. केंद्राची जी सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली तिच्यात दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किंवा त्याच्या वर गेलं तर एकूण ७८ हजार सबसिडी आहे. तीनची सगळी सिस्टीम पावणेदोन दोन लाखांच्या घरात जाते, बँका त्याला तारण न घेता कर्ज देतात. सबसिडी काम पूर्ण होऊन नेट मीटर लागल्यावर तुमच्या खात्यात येते, सोलरवाल्याच्या नाही, त्यामुळे सबसिडी वजा करून बाकीचे पैसे द्या, सबसिडीचं मी बघतो असं जर तो म्हणत असेल तर काय लिहून देतो ते वाचल्याशिवाय सही करू नका.

बिल झिरो, हे पूर्ण खरं नाही. दिवसा तुमच्या स्लॅबवर तयार झालेली जास्तीची वीज महावितरणच्या लाइनीत जाते, रात्री तुम्ही ती परत घेता, मीटर दोन्हीची नोंद ठेवतं आणि फरकाचं बिल येतं. पण स्थिर आकार राहतोच, बिल छोटं होतं, कोरं होत नाही. उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जातात, मार्चअखेर हिशोब होतो आणि तेव्हा उरलेल्या युनिटांना भाव कमी मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठी सिस्टीम लावून वीज विकून पैसे कमवू ही कल्पना डोक्यातून काढा.

आणि लाइट कधीच जाणार नाही, हे तर सरळ चूक आहे आणि ह्याच्यावर लोक सगळ्यात जास्त फसतात. साधी नेट मीटरवाली सिस्टीम गावची लाइट गेली की स्वतःच बंद होते, भर दुपारी बारा वाजता ऊन डोक्यावर असलं तरी. ती तशीच बनवलेली असते, कारण लाइनमन खांबावर चढलेला असताना तुमच्या घरातून तारेत करंट गेला तर त्याचा जीव जाईल. मी शिकवलेली पोरं आज खांबांवर चढतात, त्यामुळे ह्या एका गोष्टीवर मी कोणाशीही वाद घालत नाही. लाइट गेल्यावर पण पंखा पाहिजे असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. घरी आधीपासून साधा इन्व्हर्टर असेल तर तोच राहू द्या, पुरतो.

चंद्रपूरचं म्हणून दोन गोष्टी आहेत ज्या सोलरवाले सांगत नाहीत. पॅनलला उजेड पाहिजे असतो, उष्णता नाही. कंपनी जी ताकद लिहून देते ती पॅनल २५ डिग्रीला असताना मोजलेली असते आणि त्याच्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण ०.३५ टक्का कमी होत जाते. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४६-४७, तर काच तापून ६५-७० ला जाते, म्हणजे पंधरा टक्के तिथेच गेले. म्हणून आपल्याकडे मे महिना दिसायला सगळ्यात कडक पण फेब्रुवारी-मार्चची दुपार पॅनलला जास्त मानवते. दुसरी धूळ. पुण्या-नाशिकला महिन्यातून दोनदा पुसलं तरी चालतं, घुग्गुस रोडला आठवड्याला पुसावं लागेल, ब्लास्टिंगच्या बाजूला वारा असला तर त्याच्याही आधी. पहाटे पुसायचं, काच थंड असताना, मऊ कापड आणि साधं पाणी, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो. आजींना पुसायला पाठवू नका आणि स्लॅबच्या कठड्याजवळ पॅनल लावू देऊ नका, पुसताना तोल जातो.

माझ्या स्वतःच्या घरी काय झालं ते सांगतो म्हणजे तुमचं होणार नाही. मी शिकवणारा माणूस, तरी बसवायच्या दिवशी लग्नाला गेलो होतो आणि ज्याने बसवलं त्याने अर्थिंगचे तीन खड्डे करायचे तिथे एकच केला आणि त्यातच तिन्ही तारा आणून बांधल्या. मी आल्यावर वरून सगळं चकाचक, सहा पॅनल ओळीत, स्ट्रक्चर चमकतंय, खड्ड्याचं झाकण उघडून बघितल्याशिवाय कळणारच नव्हतं. दोन आठवडे फोन केले तेव्हा माणूस आला. तर तुम्ही लक्षात ठेवा, डीसीचं वेगळं, एसीचं वेगळं, आकाशातली वीज झेलणाऱ्या वीजरोधकाचं वेगळं, तीन खड्डे डोळ्याने मोजायचे आणि मोबाइलवर फोटो काढायचे. स्ट्रक्चर जस्ताचा मुलामा दिलेलं पाहिजे, नुसता चंदेरी रंग मारलेलं नको, मे अखेरीच्या वादळात कच्चं काम पहिले उडतं. पॅनल देशी बनावटीचे असल्याशिवाय सबसिडी बसत नाही तेव्हा त्याची कागदं मागा. पॅनलची हमी २५ वर्षांची असते पण इन्व्हर्टरची कमी, ५ ते १०, तो मध्ये एकदा बदलायचा खर्च आत्ताच धरून ठेवा.

आणि एक फायदा जो बिलात दिसत नाही. स्ट्रक्चर सात आठ फूट उंच करून घेतलं तर खाली सावली होते. तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत खोलीत आग ओततो तो बराच थंड राहतो, कूलरला पण बरं पडतं. माझ्याकडे सहा पॅनल आहेत, एकेक साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद, त्यांच्या सावलीत माझी बायको आता चार वाजताच खाट टाकते. कुरडयांना मात्र उन्हाचा तुकडा मोकळा सोडायला सांगा, नाहीतर घरात नवीन भांडण.

सोलर चांगलंच आहे, पण पोराने त्याचं सोनं करून बाबांच्या अंगावर फेकू नये म्हणून त्याची खोट पण सांगतो. बाबा जेव्हा म्हणतात की रात्री काय करणार, तेव्हा ते बरोबर बोलतात. २०२५ च्या जूनअखेर आपल्या देशाच्या एकूण वीजक्षमतेत अर्धा वाटा सोलर, वारा, पाणी आणि अणू मिळून झाला, मोठी बातमी झाली होती आणि व्हायलाच पाहिजे होती. पण प्रत्यक्षात वर्षभर तयार झालेली युनिटं मोजली तर दहातली सातच्या आसपास अजून कोळशाचीच आहेत. कारण एक मेगावॅट सोलर वर्षाला जेवढी युनिटं देतं त्याच्या तिप्पट साडेतीनपट एक मेगावॅट कोळसा देतो, सूर्य बारा तासच असतो आणि त्यातले सकाळ-संध्याकाळचे तास नावालाच. पावसाळ्यात आपलं सोलर मंदावतं, तेव्हा सातारच्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या जोरात फिरतात, पण आपल्या चंद्रपुरात तसा वारा नाही. साठवण पाहिजे. घाटघरला एक फार छान काम आहे, वीज जास्त असेल तेव्हा खालचं पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि गरज पडली की सोडायचं, २५० मेगावॅट, पण एवढ्याशाने राज्याची रात्र निघत नाही. असे आणखी पाहिजेत, बॅटऱ्या पाहिजेत, तोपर्यंत रात्रीचा कूलर तुमच्या मिस्टरांच्या डंपरवरच चालणार आहे.

शिवाय धूर नाही म्हणजे कोणाचं काही गेलं नाही असं नसतं. कोयनेची १९६० मेगावॅट वीज, पाण्याची, स्वच्छ, संध्याकाळच्या गर्दीला महाराष्ट्राला सांभाळणारी, पण त्या धरणात ज्यांची गावं गेली त्यांची तिसरी पिढी जमिनीच्या हक्कासाठी धरणं धरून बसते. ज्यांची जमीन सोलर पार्कला जाते त्यांचं पण तेच व्हायला नको. राजस्थानात सोलरच्या तारांना धडकून माळढोक मरतात म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलं, आणि आपल्या वरोरा-भद्रावतीच्या माळावर पण हा पक्षी होता हो, जुनी माणसं सांगतात. पॅनलच्या आतल्या मालासाठी आपण अजून बरंचसं चीनवर अवलंबून आहोत. आणि २५ वर्षांनी ह्या काचा कुठे टाकायच्या त्याची नीट व्यवस्था आत्तापासून पाहिजे, नियमात आता त्या ई-कचऱ्यात धरल्यात, पण प्रत्यक्ष गोळा करणारा आपल्या गावात कोणी मला अजून भेटलेला नाही.

एवढं सगळं असूनही मला विचाराल तर वजन सोलरच्या बाजूला टाकीन, आणि चंद्रपूरच्या माणसाने तर सगळ्यात आधी टाकावं. तुमच्या तीन किलोवॅटमधून वर्षाला चार हजार युनिट निघाली तर अडीच टनांच्या वर कोळसा वाचतो आणि जवळपास टनभर राखड होतच नाही. सोलरची खोट भरून काढता येणारी आहे, साठवण वाढवा, जमीन घेताना माणसाला नीट विचारा, झालं. कोळशाची खोट जळण्यातच आहे, जाळल्याशिवाय तो काही देत नाही आणि जाळला की राखड आणि धूर आलाच. राख सिमेंटला जाते, विटांना जाते, ते चांगलंच आहे, पण जी आपल्या छातीत गेली तिची वीट होत नाही.

आता पोराचं. इथे मी त्याच्या बाबांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं आहे.

कोळशात नोकरी आहे म्हणून नाही. उलट मिस्टरांना ही गोष्ट शांतपणे सांगा, त्यांना आतून माहीत असणारच. कोल इंडियात एकेकाळी सहा लाखांच्या वर कामगार होते, आता सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत. आणि ह्या काळात कोळसा कमी झाला का, तर नाही, २०२४-२५ मध्ये देशाने पहिल्यांदाच शंभर कोटी टनांचा आकडा ओलांडला. कोळसा वाढला आणि माणूस घटला, कारण खालच्या खदानी बंद होऊन वर उघड्या झाल्या, मशिनी मोठ्या झाल्या, काम ठेक्यावर गेलं. त्यांच्या वेळी जमिनीच्या बदल्यात पक्की नोकरी मिळायची, तुमच्या पोराच्या वाट्याला आता येईल ती बहुतेक ठेकेदाराची. खदान उद्या बंद होणार नाही, थर्मल पण नाही, ह्या पोराच्या मिशा पिकेपर्यंत कोळसा जळत राहील असं मला वाटतं, पण त्यात त्याच्यासाठी खुर्ची असेलच असं नाही.

पण म्हणून एक वर्षाचा सोलर टेक्निशियनचा ट्रेड पहिल्यांदाच घेऊ नये. दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन घ्यावा. त्याच्यावर महावितरणच्या विद्युत सहायकाचा फॉर्म भरता येतो, थर्मलची अप्रेंटिसशिप मिळते, रेल्वे आहे, सिमेंट कंपन्या आहेत, आणि सोलरवाला तर हात जोडून घेतो, कारण सोलरमध्ये काच चढवणारे हात खूप आहेत पण डीसीची तार कुठे कशी तोडायची, फ्यूज कितीचा टाकायचा, अर्थिंग मोजायचं कसं हे कळणारा कमी आहे. माझ्या घरचा तो एक खड्डा अशाच हाताने केला होता. इलेक्ट्रिशियन झाल्यावर सोलरचा छोटा कोर्स, सूर्यमित्रचं प्रशिक्षण असतं तसा, काही महिन्यांत होतो. उलटं करायला गेलं तर दार एकच उघडतं.

आणि पोराला हेही सांगा की सोलरमधलं सगळं काम पक्कं नाही. मोठा पार्क उभारताना शेकडो पोरं लागतात, उभा राहिला की गवत कापणारे, काच पुसणारे आणि दोन-चार टेक्निशियन एवढेच उरतात. बऱ्याच ठिकाणी पीएफ नाही, पट्टा न बांधता छतावर चढवतात. टिकणारं काम आहे ते घरांच्या छतांचं आणि शेतातल्या पंपांचं. मागेल त्याला सौर पंपवाले पंप गावोगाव बसतायत, शेतकऱ्याला दहा टक्के भरून मिळतो, रात्री बारा वाजता साप-विंचवातून मोटर चालू करायला जाणं वाचलं म्हणून लोक खूश आहेत, पण कंट्रोलर बिघडला की महिना महिना माणूस मिळत नाही आणि ऐन फुलोऱ्यात पीक वाळतं. वरोरा, भद्रावती, राजुरा ह्या पट्ट्यात मोटरसायकलवर मीटर आणि पाने घेऊन फिरणारा एक चांगला पोरगा उपाशी राहणार नाही.

एक करा. आयटीआयच्या ॲडमिशनच्या फेऱ्यांचं वेळापत्रक लागलं की फॉर्ममध्ये इलेक्ट्रिशियन एक नंबरला, वायरमन दोनला, सोलर टेक्निशियन तीनला टाका, बापलेक दोघांना बसवून. आणि सोलरवाल्याला सांगा की रविवारी ये, आमच्या ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी. २७ वर्षं मशीन चालवलेला माणूस आहे, लोखंड कच्चं का पक्कं, बोल्ट बसला का नाही हे त्यांना माझ्यापेक्षा आधी कळेल. स्ट्रक्चरचं त्यांनी बघायचं, तारांचं पोराने, खड्डे दोघांनी मिळून मोजायचे. नकोच म्हणाले तर एक उन्हाळा थांबा, जबरदस्ती करू नका, सोलर कुठे पळून जात नाही. हो म्हणाले तर कोटेशन आल्यावर त्याचा फोटो आणि बारा महिन्यांची बिलं मला पाठवा, पैसे भरायच्या आधी मी एकदा बघून देतो.